दोन मॉकिंगबर्ड, वाचला एक

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’बद्दल कुठेही चार ओळी वाचल्या तरी एक वाक्य हमखास भेटतं: मॉकिंगबर्ड हे निरागसपणाचं प्रतीक आहे, आणि टॉम रॉबिन्सन व बू रॅडली हे कादंबरीतले दोन मॉकिंगबर्ड आहेत. वाक्य खोटं नाही. इंग्रजी साहित्याच्या पेपरात त्याला गुणही मिळतात. पण तेवढ्यावर पुस्तक मिटलं की एक अवघड प्रश्न विचारायचा राहून जातो. दोघंही निरुपद्रवी, दोघंही गावाच्या नजरेतून उतरलेले. मग एकाला सगळे मिळून पाठीशी घालतात आणि दुसऱ्याच्या अंगात सतरा गोळ्या निघतात, हे कसं?

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. हार्पर ली यांची ही कादंबरी 11 जुलै 1960 रोजी प्रसिद्ध झाली, आणि 1961 मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. काळ 1933 ते 1935, म्हणजे महामंदीचा. ठिकाण अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य आणि त्यातलं मेकॉम्ब नावाचं काल्पनिक गाव, लीबाईंच्या मन्रोव्हिल या जन्मगावावर बेतलेलं. सांगणारी स्काउट, म्हणजे जीन लुईस फिंच. सुरुवातीला सहा वर्षांची, शेवटी आठ. भाऊ जेम तिच्याहून चार वर्षांनी मोठा. वडील ॲटिकस वकील. उन्हाळ्यात शेजारी राहायला येणारा डिल हा त्यांचा सवंगडी. पहिल्या भागातल्या अकरा प्रकरणांत ही पोरं एकाच उद्योगात असतात: वर्षानुवर्षं घराबाहेर न दिसलेल्या आर्थर ऊर्फ बू रॅडलीला बाहेर काढायचं. बाराव्या प्रकरणापासून दुसरा भाग सुरू होतो आणि त्याच्या मध्यावर खटला उभा राहतो. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मायेला यूएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप असतो. आरोप खोटा असतो, ॲटिकस तो खोटा असल्याचं भर कोर्टात दाखवून देतो, आणि तरीही टॉमला दोषी ठरवलं जातं.

पक्षी कुठे कुठे येतो

पुस्तकाच्या नावात असलेला पक्षी आत फारसा दिसत नाही. महत्त्वाच्या जागा सहाच. पेन्सिल घेऊन खुणा करत गेलात तर अर्ध्या तासात सगळ्या सापडतील.

पहिली जागा दहाव्या प्रकरणात. मुलांना छऱ्याच्या बंदुका मिळाल्यात. ॲटिकस जेमला सांगतो की तू परसात डब्यांवर नेम धरलास तर मला बरं वाटेल, पण तू पाखरांच्या मागे लागणार हे मला ठाऊक आहे. ब्लू जे हवे तेवढे मार, मात्र मॉकिंगबर्डला मारणं पाप आहे हे ध्यानात ठेव. एवढंच. कारण तो सांगत नाही. कारण सांगते शेजारची मिस मॉडी: हे पक्षी बागेची नासाडी करत नाहीत, मक्याच्या कणगीत घरटी बांधत नाहीत, आपल्यासाठी जीव ओतून गातात आणि बाकी काही करत नाहीत. परीक्षेत हे स्पष्टीकरण सर्रास ॲटिकसच्या तोंडी घातलेलं आढळतं. फरक बारीक वाटेल, पण ॲटिकस आज्ञा देतो आणि मॉडी तिचा अर्थ लावते, हे या पुस्तकात वारंवार घडतं.

दुसरी जागाही दहाव्याच प्रकरणात, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी पिसाळलेला कुत्रा झोकांड्या खात रस्त्यानं येतो. शेरीफ हेक टेट स्वतःची बंदूक ॲटिकसच्या हातात देतो. रस्ता सुनसान, झाडं निश्चल, मॉडीच्या घराचं काम करणारे सुतार गायब, आणि मॉकिंगबर्ड गप्प. ॲटिकस एका गोळीत कुत्रा पाडतो.

आता थेट एकविसाव्या प्रकरणात या. ज्यूरी आत गेली आहे, रात्र झाली आहे, कोर्ट माणसांनी खच्चून भरलेलं आहे. स्काउटला अचानक थंडी वाजते. तिला त्या फेब्रुवारीतल्या सकाळची आठवण होते: तेव्हाही मॉकिंगबर्ड असेच गप्प होते, सुतारांचे हातोडे थांबले होते. ज्यूरी परत येते, आणि स्काउटला वाटतं की ॲटिकस पुन्हा रस्त्यावर उतरलाय, बंदूक खांद्याला लावतोय, चाप ओढतोय. पण या वेळी बंदूक रिकामी आहे हे बघणाऱ्याला आधीपासून माहीत आहे. पूर्वग्रह म्हणजे पिसाळलेला कुत्रा, असं लीबाई कुठेही लिहीत नाहीत. फक्त दोन्ही प्रसंगांवर एकच शांतता पसरवतात. प्रतीक म्हणजे काय हे कुणाला शिकवायचं असेल तर मी पुस्तकाच्या नावाऐवजी हे दोन परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचायला देईन.

चौथी जागा पंचविसाव्या प्रकरणातली. तुरुंगातून पळताना गोळ्या लागून टॉम मेल्यावर स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक अंडरवुड अग्रलेख लिहितो आणि या मृत्यूची तुलना शिकाऱ्यांनी आणि पोरांनी केलेल्या गाणाऱ्या पाखरांच्या कत्तलीशी करतो. पाचवी अठ्ठाविसाव्यात: भावंडं अंधारातून शाळेच्या कार्यक्रमाला निघाली आहेत, आणि वर झाडावर एकटाच मॉकिंगबर्ड गातोय. सहावी तिसाव्यात, स्काउटच्या तोंडी.

‘पाप’ कोण कोण म्हणतं

पक्ष्यांपेक्षाही एक शब्द मोजणं जास्त उपयोगी पडतं. तो म्हणजे ‘पाप’. ॲटिकसच्या तोंडून एखादी गोष्ट पाप असल्याचं आपण त्या एकदाच ऐकलं, असं स्काउट मुद्दाम नोंदवते. हा माणूस रोज कायद्याच्या भाषेत बोलणारा. त्याचा मुद्दा कायद्याचा असता तर त्यानं ‘गुन्हा’ म्हटलं असतं.

पंधरा प्रकरणांनंतर तोच शब्द अंडरवुड वापरतो: पांगळ्या माणसाला मारणं पाप आहे, मग तो उभा असो, बसलेला असो की पळत असो. अंडरवुड कोण? ॲटिकस त्याच्याबद्दल म्हणतो की त्याला काळी माणसं मुळीच खपत नाहीत, एकालाही तो जवळ फिरकू देत नाही. आणि याच माणसानं तुरुंगाबाहेर जमाव आला त्या रात्री खिडकीतून दुनळी रोखून ॲटिकसला राखलं होतं. कादंबरीतलं सगळ्यात गाजलेलं प्रतीक टॉमच्या बाजूनं छापून आणणारा माणूस स्वतः पूर्वग्रहानं भरलेला आहे. चांगली माणसं एका बाजूला आणि वाईट माणसं दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करून उत्तर लिहिणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

तिसऱ्यांदा ‘पाप’ म्हणतो हेक टेट, शेवटाकडे, बूबद्दल बोलताना. त्याकडे पुढे येऊ.

इंग्रजीत एक, मराठीत चार

‘इनोसन्स’ हा इंग्रजी शब्द बऱ्याच गोंधळाचं मूळ आहे. त्यात ज्यानं गुन्हा केलेला नाही तोही येतो आणि ज्याला जग कळलेलं नाही तोही. मराठीत आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत आणि ही कादंबरी समजून घ्यायला ते फार कामाचे आहेत: निर्दोष, निरुपद्रवी, अजाण आणि निरागस. पहिले तीन कादंबरीतल्या तीन माणसांना, किंवा गटांना, चपखल बसतात.

टॉम निर्दोष आहे. ही भावनेची गोष्ट नाही, पुराव्याची आहे. मायेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजली होती, म्हणजे समोरून मारणाऱ्यानं बहुधा डाव्या हातानं मारलं. ॲटिकस तिच्या बापाला, बॉब यूएलला, कोर्टात सही करायला लावतो. बॉब डाव्या हातानं सही करतो. टॉमचा डावा हात लहानपणी सरकीच्या यंत्रात सापडून निकामी झालेला, उजव्यापेक्षा बारा इंच आखूड. तो साक्षीला उभा राहतो तेव्हाचं दृश्य बघा. उजव्या हाताच्या बोटांनी तो डावा हात खालून उचलतो, रबरासारखा लुळा पंजा बायबलवर नेऊन टेकवतो आणि शपथेसाठी उजवा हात वर करतो. तेवढ्यात डावा पंजा बायबलवरून घसरतो आणि कारकुनाच्या मेजावर आपटतो. साक्षीचा एक शब्दही उच्चारला जाण्याआधी खटल्याचा निकाल लागायला हवा होता, असा हा क्षण आहे.

चित्रपट पाहून कादंबरीवर लिहिणारे नेमके इथेच पकडले जातात. 1962 च्या चित्रपटात ॲटिकस, म्हणजे ग्रेगरी पेक, टॉमकडे पेला फेकतो आणि टॉम तो उजव्या हातानं झेलतो. कादंबरीत पेला नाही. घसरणारा हात आहे.

याच डाव्या हाताचा एक धागा पहिल्या वाक्यापर्यंत जातो. कादंबरी सुरू होते ती जेमचा हात कोपरात मोडल्याच्या उल्लेखानं, आणि लगेच कळतं की तोही डावाच, बरा झाल्यावर उजव्यापेक्षा थोडा आखूड राहिलेला. टॉमच्या शरीरावरची खूण फिकी होऊन जेमच्या शरीरावर उतरते, तीही मायेलाच्या बापाच्याच हातून. शेवटचं पान वाचून पुन्हा पहिलं उघडलं की हे लख्ख दिसतं.

बू निरुपद्रवी आहे. त्याच्याबद्दल गावात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत खारी आणि मांजरं कच्ची खाणारा, रात्री खिडक्यांतून डोकावणारा राक्षस आहे. प्रत्यक्षात तो रस्त्यालगतच्या ओकच्या ढोलीत पोरांसाठी वस्तू ठेवतो. यादी अशी: च्युइंगगमच्या दोन कांड्या, 1900 आणि 1906 सालची दोन पेनी नाणी, करड्या सुताचा गुंडा, साबणातून कोरलेल्या दोन छोट्या मूर्ती, एक मुलगा आणि एक मुलगी, आणखी गम, स्पेलिंग स्पर्धेचं जुनं पदक, बंद पडलेलं खिशातलं घड्याळ, साखळी आणि ॲल्युमिनियमचा चाकू. क्रम नीट बघितला तर बूची भीड कशी चेपत गेली ते कळतं. आधी दुकानात मिळणारं काहीतरी, मग स्वतः जपून ठेवलेलं, मग स्वतःच्या हातानं केलेलं. साबणाच्या त्या मुलीच्या कपाळावर स्काउटसारखीच झुलपं आहेत. म्हणजे पोरं त्याला बघायला धडपडत होती, तेव्हा तो त्यांना नीट बघत होता.

मग एक दिवस बूचा भाऊ नेथन ती ढोली सिमेंटनं बुजवतो. जेमनं विचारल्यावर म्हणतो, झाड मरायला टेकलंय, आजारी झाडाची ढोली भरतात. जेम ॲटिकसला विचारतो. ॲटिकस झाडाकडे बघून सांगतो की पानं हिरवीगार आहेत, झाड ठणठणीत आहे. त्या संध्याकाळी जेम ओसरीत बराच वेळ एकटा उभा असतो आणि आत येतो तेव्हा रडलेला असतो. माझ्या मते मोठ्यांच्या जगाचा खोटेपणा जेमला पहिल्यांदा कळतो तो इथे, कोर्टात नव्हे. निरोगी झाडाला रोगी ठरवायचं आणि उपचाराच्या नावाखाली त्याचं तोंड बंद करायचं: मेकॉम्ब टॉमशी पुढे काय करणार याची ही रंगीत तालीमच आहे.

आणि मुलं अजाण आहेत. हा निरागसपणाचा तिसरा प्रकार, आणि यात धोका आहे. अजाण माणूस चांगलाच वागतो असं नाही. हीच मुलं बूच्या आयुष्याचं नाटक अंगणात रोज खेळतात आणि त्याला ते खिडकीतून दिसत असेल असं त्यांच्या मनात येत नाही. स्काउट गावातली तुच्छतेची भाषा सहज बोलते, कारण तिनं तीच ऐकली आहे. आठव्या प्रकरणातला बर्फाचा पुतळा आठवा. मेकॉम्बमध्ये 1885 नंतर पहिल्यांदाच बर्फ पडलंय, तेही जेमतेम. पुतळ्यापुरतं बर्फ नाही, म्हणून जेम पाच टोपल्या माती आणि दोन टोपल्या बर्फ गोळा करतो, मातीचा माणूस उभा करतो आणि वरून पांढरा लेप देतो. मधल्या टप्प्यात पुतळा काळा असतो तेव्हा स्काउट बुचकळ्यात पडते: काळा बर्फमाणूस कधी कुणी ऐकलाय का? जेम म्हणतो, फार वेळ काळा राहणार नाही. आत सगळ्यांची माती तीच, रंग वरच्या बोटभर थराचा. पोरांना याचा अर्थ कळत नाही आणि लेखिका तो सांगत नाही.

डिल मात्र अजाणपणातून धाडकन बाहेर पडतो. एकोणिसाव्या प्रकरणात सरकारी वकील गिल्मर टॉमशी ज्या सुरात बोलतो तो ऐकून डिलला रडू आवरत नाही. स्काउट त्याला बाहेर नेते आणि समजावते की वकील असेच बोलतात. ती समजावते, म्हणजे तिनं ते स्वीकारलेलं आहे. विसाव्या प्रकरणात डॉल्फस रेमंड डिलबद्दल सांगतो की अजून थोडा मोठा झाला की याला अशानं रडू येणार नाही. या रेमंडला गाव अट्टल दारुडा समजतं, कारण तो कायम कागदी पिशवीतली बाटली तोंडाला लावून फिरतो. बाटलीत कोका-कोला असतो. गोरा असून काळ्या माणसांत राहतो याचं काहीतरी कारण गावाला हवं असतं, ते त्यानं देऊन टाकलंय.

कीव करण्याचा गुन्हा

पूर्वग्रह हा शब्दच सगळं सांगतो: ग्रह आधीच झालेला आहे, पुरावा मागून येतो. म्हणूनच पुराव्यानं तो हलत नाही. जेमला मात्र खात्री असते की एवढं ऐकल्यावर कुठलीच ज्यूरी टॉमला दोषी ठरवू शकणार नाही. आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की मुंबईतला 1959 चा नानावटी खटला आठवतो. तिथे नऊ ज्यूरर होते आणि आठ विरुद्ध एक असा बहुमताचा कौल देता आला. टॉमच्या खटल्यात बारा जण, सगळे गोरे पुरुष, बहुतेक शेतकरी, आणि सगळ्यांचं एकमत लागतं. अलाबामात बायकांना ज्यूरीत बसण्याचा हक्क 1966 पर्यंत नव्हता. काळ्या नागरिकांना कागदोपत्री होता, प्रत्यक्षात त्यांची नावंच यादीत येत नसत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं यावरून अलाबामाला फटकारलं ते 1 एप्रिल 1935 रोजी, स्कॉट्सबरो प्रकरणात. त्या प्रकरणात 1931 मध्ये मालगाडीतून उतरवलेल्या नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या बायकांनी बलात्काराचा आरोप केला होता आणि त्यांतल्या एकीनं 1933 मध्ये साक्ष फिरवली होती. टॉमचा खटला कादंबरीत 1935 च्या उन्हाळ्यातच उभा राहतो. हवेत काय होतं हे यावरून कळावं.

खटल्याचा खरा घाव एका शब्दात आहे. गिल्मर टॉमला विचारतो की तू त्या मुलीची कामं फुकट का करत होतास. टॉम उत्तर देतो की मला तिची कीव यायची. घरात ती एकटीच सगळं करते, बाकी कुणी हात लावत नाही. हे ऐकताच गिल्मर तोच शब्द उचलून धरतो, आणि कोर्टात बसलेल्या गोऱ्या माणसांचे चेहरे बदलतात. मेकॉम्बमध्ये कीव वरून खाली वाहते. धर्मशील बायका आफ्रिकेतल्या दूरच्या जमातीची कीव करू शकतात, चोविसाव्या प्रकरणात चहा-केक घेत करतातही. काळ्या मजुरानं गोऱ्या मुलीची कीव करायची म्हणजे उतरंड उलटी ठेवणं.

आणि मायेला खरोखरच कीव येण्यासारखी आहे, हे लीबाईंनी लपवलेलं नाही. उकिरड्याजवळच्या तिच्या अंगणात पोपडे उडालेल्या सहा एनॅमलच्या भांड्यांत लालभडक जिरेनियम फुललेली असतात, मिस मॉडीच्या बागेत शोभावीत इतकी जपलेली. सात भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवण्यासाठी तिनं वर्षभर एकेक करून सात निकल (पाच सेंटची नाणी) साठवलेले असतात. ते घराबाहेर जावेत म्हणून. स्काउटला वाटतं की ही जगातली सगळ्यात एकटी मुलगी असेल, पंचवीस वर्षं घरात बसलेल्या बूपेक्षाही एकटी. मग ही मॉकिंगबर्ड का नाही? कारण तिनं इजा केली. स्वतःवरचा अन्याय तिनं आपल्याहून खालच्या माणसावर ढकलला. फुलं लावणारा हातच खोटी शपथ घेतो.

फुलांचा विषय निघालाच आहे तर शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस ड्युबोसची पांढरी कॅमेलियाही. ॲटिकसला शिव्या दिल्या म्हणून जेम तिच्या झुडपांचे शेंडे छाटतो. शिक्षा म्हणून महिनाभर रोज दोन तास तिला वाचून दाखवतो. ती मॉर्फिनचं व्यसन सोडवत होती हे तिच्या मृत्यूनंतर कळतं, आणि डबीतून त्याला एक पांढरं कॅमेलिया येतं. याला ‘शुद्धतेचं प्रतीक’ म्हणून मोकळं होणारे बरेच. पण जेम ती डबी आगीत फेकतो आणि फूल मात्र बोटांत धरून बसतो. कौतुक करायचं की राग धरायचा, हे त्याला ठरवता येत नाही. फुलाचा अर्थ त्या न ठरण्यात आहे. पूर्वग्रहानं भरलेली बाई धाडसीही असू शकते, हे पचवायला बाराव्या वर्षी कठीणच जातं.

प्रतीक कुठे तोकडं पडतं

पक्षीशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर मिस मॉडीनं मॉकिंगबर्डला जरा जास्तच मार्क दिलेत. उत्तर अमेरिकेतला हा राखाडी पक्षी बोरं-फळं खातो आणि घरट्याजवळ आलेल्या मांजराच्या, माणसाच्याही डोक्यावर झडप घालतो. शास्त्रीय नाव मायमस पॉलिग्लॉटॉस, म्हणजे बहुभाषी नकलाकार. टेक्सस, फ्लोरिडा, टेनेसी, मिसिसिपी आणि आर्कान्सा यांचा तो राज्यपक्षी आहे. अलाबामाचा नाही, त्यांचा यलोहॅमर. आपल्याकडे तो नाही. नकला करणारा पक्षी म्हणून सह्याद्रीतला भृंगराज डोळ्यांसमोर आणला तर चालेल, जरी दोघांचं नातं काही नाही.

नकलेचा मुद्दा लीबाईंना पुरेपूर ठाऊक होता. अठ्ठाविसाव्या प्रकरणात रॅडलींच्या झाडावरचा तो पक्षी एकामागून एक आवाज काढतो आणि त्यात ब्लू जेचा खेकसणारा आवाजही असतो, ज्याला हवं तेवढं मारा असं ॲटिकसनं सांगितलं होतं. आपण कुणाच्या झाडावर बसलोय याचा पक्ष्याला पत्ता नाही. खाली स्काउट अंधारातून चालते आहे, कार्यक्रमात घालायचा तिचा तारेचा, हॅमच्या (डुकराच्या मांडीच्या) आकाराचा पोशाख जेमच्या हातात आहे. कार्यक्रम आटोपून परतताना याच वाटेवर बॉब यूएल चाकू घेऊन येणार आहे. वर एक अजाण, खाली दुसरी अजाण, आणि ज्याच्या दारात हे चाललंय तो आत जागा.

पण ‘गाणारं पाखरू’ ही उपमा टॉमला लावली की काहीतरी हरवतं. पाखराला मत नसतं. टॉमला होतं. मायेलाकडे त्यानं डोळे उघडे ठेवून पाहिलं, तिचं एकटेपण ओळखलं, ते कोर्टात उच्चारलं. अपील बाकी असताना तुरुंगाच्या कुंपणाकडे धावायचं त्यानंच ठरवलं. गोऱ्यांच्या न्यायाची आणखी वाट पाहायची नाही, हाही एक निर्णय होता. दोन्ही हात धड असते तर कुंपण ओलांडलं असतं, असं पहारेकरी म्हणतात. उपमेत तो बिचारा बळी होतो आणि त्याला दयेखेरीज काही मागता येत नाही. कादंबरी गोऱ्या मुलीच्या डोळ्यांतून सांगितलेली असल्याचा हा परिणाम आहे. टॉमच्या घरात आपण कधी नीट शिरतच नाही. फिंचांकडे स्वयंपाक करणाऱ्या कृष्णवर्णीय कॅल्पर्नियाबरोबर तिच्या चर्चला गेल्यावर एक दार किलकिलं होतं, एवढंच.

नावांतली पाखरं शोधण्याच्या नादाला मात्र लागू नये. फिंच हा पक्षी, रॉबिन्सनमध्ये रॉबिन, असं दाखवून देण्यात पोरांना मजा येते. फिंच हे लीबाईंच्या आईचं माहेरचं आडनाव होतं.

आता सुरुवातीचा प्रश्न. बॉब यूएल मुलांवर हल्ला करतो, बू घराबाहेर येतो आणि बॉब चाकू लागून मरतो. शेरीफ टेट ठरवतो की बॉब स्वतःच्याच चाकूवर पडला, असं नोंदवायचं. ॲटिकस आधी नियमावर बोट ठेवतो. टेट ऐकत नाही: गावावर उपकार करणाऱ्या लाजाळू माणसाला चव्हाट्यावर ओढणं हे पाप आहे. तेव्हा स्काउट बापाला म्हणते की ते मॉकिंगबर्डला गोळी घालण्यासारखंच झालं असतं, नाही का? वाचणाऱ्याचा गळा इथे दाटून येतो, आणि त्या भरात एक गोष्ट निसटते. टॉमच्या वेळी कायदा अक्षरशः पाळला गेला: अटक, वकील, साक्षी, ज्यूरी, निकाल, सगळं रीतसर. बूच्या वेळी तो ओसरीतल्या अंधारात तीन माणसांनी बाजूला ठेवला. टॉमच्या वेळी पुरावा असूनही उपयोग झाला नाही. बूच्या वेळी पुरावा गोळाच करायचा नाही असं ठरलं. इतकी वर्षं उन्हात न गेलेल्या बूचे हात स्काउटला आजारी वाटावेत इतके पांढरे दिसतात. लेखिकेनं त्या पांढरेपणावर अख्खा परिच्छेद खर्च केलाय आणि दोन मॉकिंगबर्डांमधला फरक तिथेच, उघड्यावर ठेवलाय.

बूला घरी सोडायला स्काउट निघते तेव्हा तो हळूच विचारतो, मला घरी नेशील का? अंधाराला भ्यालेल्या पोरासारखा. ओसरीच्या पायरीपर्यंत ती त्याचा हात धरून नेते. मग थांबते आणि त्याला हात कोपरात वाकवायला सांगते, त्यात आपला हात अडकवते. त्याला जरा वाकावं लागतं. समोरच्या घरात मिस स्टेफनी क्रॉफर्ड राहते, गावातली अर्धी अफवा तिथूनच निघते. ती वरच्या खिडकीतून बघत असेलच तर तिला दिसावं की आर्थर रॅडली एका मुलीला रीतीनं सोबत करत रस्त्यानं चाललाय.